गार हातांचे लाडू

डिंकाचा लाडू तिसऱ्यांदा फुटला, तेव्हा शैलजाबाईंनी परात पुढे सारली. गूळ, खारीक, खोबरं सगळं बेताचं होतं, तूपही दोनदा वाढवलं, तरी वळत नव्हतं. एके काळी आळीतल्या प्रत्येक बाळंतिणीचे लाडू त्याच वळत.

“वय झालं गं, हातातलं कसबच गेलं,” त्या लेकीला म्हणाल्या. डोळे भरून आले होते.

ऋजुताने बाळाला पाळण्यात ठेवलं आणि आईचे तळवे हातात घेतले. “केवढे गार पडलेत! तूप वितळणार कसं? रात्र रात्र बाळाला घेऊन तूच फिरतेस, मला उठूही देत नाहीस. झोप आधी.”

“दिवसाढवळ्या?”

“बाळंतीण मी आहे ना? मग माझे लाड पुरव. झोप.”

अंगावर पांघरूण पडलं. शैलजाबाईंना असं दटावून शेवटचं झोपवलं होतं ते त्यांच्या आईने, ऋजुता पाळण्यात होती तेव्हा.

दिवेलागणीला त्या उठल्या तेव्हा हात चांगले उबदार झाले होते. पहिलाच लाडू मुठीत घट्ट बसला. लेकीने तो मोडून अर्धा आईच्या तोंडात घातला.

“खा,” ती म्हणाली, “घरात सध्या दोन बाळंतिणी आहेत.”