दाढेतला मापक

सगुणाच्या दाढेत बसवलेला मापक सांगत होता की ती दोन माणसांइतकं जेवते, म्हणून पुढच्या महिन्यापासून तिचं रेशनचं धान्य निम्मं होणार होतं. रेशन कार्यालयातून चौकशीला आलेल्या रेवतीला मात्र दारात वाळून काटकी झालेली बाई दिसली. मापक चुकत नाही, असं रेवतीला शिकवलं होतं.

"सगुणाबाई, माझ्यासमोर जेवा बघू."

सगुणाने भाकरीचा तुकडा तोंडात घातला, कितीतरी वेळ बारीक चावला आणि बोटाने सासऱ्यांच्या बोळक्या तोंडात भरवला.

"मामंजींना दात नाहीत, म्हणून त्यांच्या नावे नुसती पेजेची भुकटी येते. ती त्यांच्या घशाखाली उतरत नाही. भाकरी कुस्करून दिली तर ठसका लागतो."

"अहो, पण त्यांचा घास तुमच्या नावावर चढतोय. मग तुम्ही काय खाता?"

"उरलं तर खाते की. आणि चव तर आधी मलाच लागते ना, ताई."

रेवतीने नोंदवही उघडली. यंत्राला चावणं कळत होतं, गिळणं नाही. नोकरीत पहिल्यांदाच तिने खोटं लिहिलं: 'मापक नादुरुस्त. धान्य पूर्ववत.' मग पिशवीतून स्वतःचा डबा काढून तिने सगुणापुढे सरकवला.

"हा घास मात्र गिळायचा," ती म्हणाली.