नऊशे मिलिसेकंद

“हे नऊशे कुठून आलं?” गाळणीने टाइप केलं आणि एंटरवर बोट असं आपटलं, की शेजारच्या कपातला चहा हिंदकळला.

गाळणी हे त्याचं टोपणनाव. संगणकाच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, जगभरातले हौशी लोक कोड लिहून पाठवतात. त्यातलं बटणं, कीबोर्ड, खटके यांच्याशी संबंध असलेलं सगळं याच्या हाताखालून जातं. जात नाही, असं पाठवणारे म्हणत. म्हणून गाळणी. हे नाव कानावर आलं, तेव्हा त्याला मानपत्र मिळाल्यासारखं वाटलं होतं.

या खेपेला एक ड्रायव्हर आला होता. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. यंत्र काय म्हणतंय ते संगणकाला सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. यंत्र तरी काय, एक मोठं गोल बटण. एकदा दाबलं की पडद्यावर ‘हो’, दोनदा दाबलं की ‘नाही’. बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. पाठवणारा एक घड्याळजी होता. कोड लिहायला आपला आपणच शिकलेला, आणि ते ओळीओळीत दिसत होतं. पहिल्याच पत्रात त्याने लिहिलं होतं, “जुना संगणक आता शेवटच्या घटका मोजतोय. नव्यात हा ड्रायव्हर नसेल तर घरातलं बटण मुकं होईल, साहेब.”

“दोनच शब्द बोलणारं यंत्र,” गाळणी बायकोला म्हणाला. “आपल्याकडेही एक हवं.”

“आहे की,” ती पेपरातून डोकं वर न काढता म्हणाली. “फक्त त्याचं ‘हो’ बिघडलंय.”

ड्रायव्हर चार वेळा परत गेला. एकदा ओळीत स्पेस कमी सोडली म्हणून, एकदा जास्त म्हणून, दोनदा कशासाठी ते आता गाळणीलाही आठवत नव्हतं. घड्याळजी दर वेळी लिहायचा, “आभारी आहे साहेब, दुरुस्त केलं.” राहता राहिलं ते नऊशे. बटण एकदा दाबलं गेलं, की पुढचे नऊशे मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ एक सेकंद, हा दुभाषा कानात बोळे घालून बसे. त्या वेळात बटण पुन्हा लागलं तरी मोजायचं नाही. बाकीच्या झाडून सगळ्या बटणांचं वीसमध्ये भागत होतं.

घड्याळजीचं उत्तर आलं, “वापरणारी व्यक्ती घरचीच आहे, साहेब. तिला एवढा वेळ लागतो.”

हे काय कारण झालं? गाळणीने लिहिलं, “मग तिला सवय लावा. एका घरासाठी गाभा बदलत नाही. वीस करा. आणि जे पाठवाल ते आधी घरी आठ दिवस रोजच्या वापरात चालवा.” हा आठ दिवसांचा नियम त्याचा स्वतःचा होता. न वापरलेला कोड आणि न चाखलेलं जेवण दुसऱ्याला वाढू नये, असं तो नवख्यांना सांगत असे.

बायको चष्मा लावून पडद्यात डोकावली. “अहो, ‘तिला सवय लावा’ काय? घ्या ना एकदाचं. बिचारा किती खेटे घालणार?”

“बिचाऱ्यांना घेऊनच गाभा बिघडतो,” गाळणी म्हणाला.

संध्याकाळी दोन ओळी आल्या. “बरं साहेब. वीस केलं. आजपासून घरी चालवतो.”

आठ दिवस गेले. पंधरा गेले. “पळाला,” गाळणी समाधानाने म्हणाला. टीका सोसत नाही हल्ली लोकांना, अशी पुस्तीही त्याने जोडली.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, ड्रायव्हर आला. सोबत पत्र नव्हतं. साहेब नव्हतं, आभार नव्हते. गाळणीने सवयीने चुका शोधायला घेतल्या आणि त्याला एकही सापडेना. स्पेस जिथल्या तिथे. नावं सुबक. घड्याळ उघडून, पुसून, पुन्हा बंद केल्यासारखं सगळं. मग तो त्या ओळीवर आला.

नऊशे.

“बघ!” तो जवळजवळ आनंदाने ओरडला. “मूळ पदावर आला! आठ दिवसांची सबब सांगून तीन आठवडे काढले आणि पुन्हा नऊशेच!”

“आता तरी ‘हो’ म्हणणार का त्याला?” बायकोने आतून विचारलं.

त्याने नकार टाइप करायला घेतला आणि मध्येच थांबला. आकडा वेगळा असेल तर त्याचं कारण कोडमध्येच वर लिहायचं, हाही त्याचाच नियम; त्याप्रमाणे आकड्याच्या वर कारण लिहिलेलं होतं. कुठल्याही आकड्यावर एवढं लांब कारण त्याने पाहिलं नव्हतं.

‘आईचं सगळं अंग लुळं होतं. एक बोट हलायचं, तेही थरथरत. थरथरीमुळे एकदा दाबलेलं बटण दोनदा लागायचं, म्हणून नऊशे. सूचनेप्रमाणे वीस करून घरी चालवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना रोजच्यासारखं विचारलं, आई, आज घरी थांबू का? रोज ती ‘नाही’ म्हणायची. त्या दिवशीही ‘नाही’ आलं. मी दुकानात गेलो. दुपारी परतलो तेव्हा ती गेलेली होती. नंतर यंत्रातली नोंद काढली. दोन दाबांमधलं अंतर तीनशे चाळीस मिलिसेकंद. ‘नाही’ म्हणताना दुसऱ्यांदा बोट उचलायला तिला दोन सेकंद लागायचे.

ती ‘हो’ म्हणाली होती.’