लाल शाईतला प्रश्न

बाईंच्या लाल पेनातली निम्मी शाई एकाच शब्दावर खर्ची पडे: "पुरावा?" नववीच्या वर्गाला त्यांनी आपापला सर्वात मोठा गुण युक्तिवादाने सिद्ध करायला सांगितला होता आणि पाल दिसली की बाकावर चढणाऱ्यांनीही धाडसावर हक्क सांगितला होता.

"बाई, तुमचा गुण कोणता हो?" मागच्या बाकावरून खोचक प्रश्न आला.

"स्पष्टवक्तेपणा."

"पुरावा?" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. त्यांची भाषणं वर्षानुवर्षं बाईच लिहून देत आणि दर वेळी, पुढच्या खेपेला नाही म्हणायचं, असं मनाशी ठरवत.

"बाई, स्वावलंबनावरचं माझं भाषण सोमवारपर्यंत होईल ना?"

वर्ग हाताची घडी घालून बघत होता.

"नाही सर. तुमचं तुम्हीच लिहा."