तेलाचा वास

बाबा आमच्या लाली बकरीचं वाहतं नाक पुसून तोंडाला जवसाचं तेल चोळत होते, तेव्हाच माझं डोकं सणकलं. गेल्या महिन्यात गोरेगावच्या बाजारातून आणलेल्या नव्या बकरीचं तोंडही असंच चकाकत होतं. मी तिला मिठीच मारली होती. ती आठवड्यात मेली. काल लालीला पाहून गुरांचे डॉक्टर म्हणाले, पसरणारा रोग असू शकतो, वेगळी बांधा. “बाबा, इले बाजारात कायले नेऊन राहिले?” “मरायच्या आधी खपली पाहिजे. तू शाळेत जा.” मी मोटरसायकलची चाबी काढून घेतली. “ज्यानं आपल्याले फसवलं, त्याले रोज शिव्या देता. आता त्याच्यावानीच तेल लावून राहिले? उद्या कोणाची पोरगी इले मिठी मारेल?” बाबांनी तेलकट तळहात नाकाशी नेऊन हुंगला. मग लालीला परसात वेगळं बांधलं. तरीही बाजार उठेपर्यंत मी चाबी त्यांना परत दिली नाही.