चौथा ब्राम

ड्रमच्या स्टूलच्या दांड्यावर लाल टेप गुंडाळलेली होती. नीलने उंची कमी करायला हात घातला, तेव्हा कूनने नकारार्थी मान हलवली.

"टेपला हात लावायचा नाही. ती ब्रामची उंची आहे."

लंडनमधल्या कॅमडेनच्या त्या तळघरात गिटार गळ्यात अडकवून उभा असलेला कून हा ‘क्लाइग्राफ’मधला एकटाच मूळचा माणूस. हा डच डेथ मेटल बँड १९८७ पासून, म्हणजे सतरा वर्षं, वाजवत होता आणि कून सोडून सगळे बदलत गेले होते. मूळचा ड्रमर ब्राम त्र्याण्णवमध्ये अपघातात गेला. त्यानंतर ड्रमवर जो बसला, तो ब्राम. पोस्टरवर ब्राम, टी-शर्टवर ब्राम. शो सुरू होण्याआधी लोक अंधारात ‘ब्राम, ब्राम’ असं ओरडत.

"लोकांना माहीत नाही?" नीलने विचारलं.

"माहीत आहे. पण ओरडायला काहीतरी लागतं ना. तू चौथा. आज वाजवून बघ, उद्या दुपारी येऊन हो की नाही ते सांग."

नील वाजवायला बसला. त्याची टाच पेडलवर टेकत नव्हती, सगळं चवड्यांवर पेलावं लागत होतं. तरी चांगलं वाजलं. वाजवताना आपल्याला विशेष काही वाटलं नाही, हे स्लाऊला परतताना ट्रेनमध्ये त्याच्या लक्षात आलं. चौदाव्या वर्षापासून त्याला एवढं एकच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याने जेवताना घरात सांगितलं.

"सहा महिन्यांची टूर आहे. लॅब मला अनपेड लीव्ह देते. फक्त एक आहे. माझा नाव बदलणार. ब्राम."

बाबांनी वरणात लिंबू पिळलं. बाबा, म्हणजे डॉक्टर शशिधर, निवृत्त झाल्यापासून कमी बोलत. नीलला वाटलं होतं ते चिडतील. ते म्हणाले, "मग लाव ब्राम. नावाने काय फरक पडतो? काम तेच असतं."

"पण तो माणूस गेलाय, बाबा. डेड आहे."

"म्हणून तर जागा रिकामी आहे." आणि मग, "शैला, ताक."

आईने वर पाहिलं नाही.

"शैला."

"हो, देते," आई म्हणाली.

आईला हाक दोनदा मारावी लागते, हा घरातला जुना विनोद होता. बाबांनी एकदा तिच्या कानांची तपासणीही करून घेतली होती. कान उत्तम निघाले. "म्हणजे लक्षच नाही हिचं," असं बाबा पाहुण्यांना सांगत आणि आईही सगळ्यांबरोबर हसे.

बाबा वर झोपायला गेले. आई छोट्या लाकडी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बरणी काढत होती. स्वयंपाकघरातल्या सगळ्याच फळ्या तिला उंच पडत. बाबांनी हे घर लग्नाआधीच घेतलं होतं, त्यामुळे त्या बाबांच्या उंचीने लावल्या असाव्यात असं नील लहानपणापासून धरून चालला होता. बाबा तर साधा चहाही करत नसत.

"पाय का ओढतोयस?" आईने विचारलं.

"पोटरी दुखते. त्यांचा स्टूल हाय आहे. लो करायचा नाही, असा रूल आहे."

आईने बरणी खाली ठेवली. "तुला जायचंय का?"

"आय डोंट नो. जायचंय. पण सगळे ब्राम म्हणणार, आणि मी वळून बघणार नाही. स्टुपिड वाटेल." तो थांबला. "तुझा पण नाव बदलला ना? मामा तुला तनू म्हणतो."

"तनया. लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने लिहितात नवं नाव."

"शैला कोणी चूज केलं?"

"यांचं ठरलेलंच होतं."

"तुला आवडलं?"

"विचारलं नव्हतं कोणी."

ती हे भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. नीलने घड्याळ पाहिलं. निघायला हवं होतं. आईने बरणीतले लाडू एका स्टीलच्या डब्यात भरले.

"तुझ्या त्या कूनला दे. आणि स्टूल आजच खाली कर. पहिल्या दिवशीच करायचं असतं. नंतर नाही होत."

"तो नाही म्हणाला तर?"

"तर मग परत ये."

एवढं ठाम ती कधी बोलत नसे. नीलने डब्यावरून बोट फिरवलं. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरलेली होती. घरातल्या बहुतेक भांड्यांवर ती होती. त्याला मराठी वाचता येत नसे आणि त्याने कधी विचारलंही नव्हतं.

"इथे काय लिहिलंय?"

आईने डबा हातात घेतला, पण त्याकडे न बघताच वाचलं. "चि. शशिधर आणि सौ. शैला यांच्या विवाहानिमित्त. एकोणीसशे एकाहत्तर."

नील हसला. "राँग आहे. तुमची सिल्व्हर अ‍ॅनिव्हर्सरी आत्ता एप्रिलमध्ये केली आपण, ईलिंगच्या हॉलमध्ये. म्हणजे सेव्हंटी-नाइन."

"माझं एकोणऐंशीचं," आई झाकण घट्ट दाबत म्हणाली. "हे शैलाच्या लग्नातलं आहे."