सहज जेवायला

सूप समोर येऊन बराच वेळ झाला होता, पण चौघांपैकी कुणीच चमचा उचलला नव्हता. आई आणि दोन्ही मुलं बाबांच्या तोंडाकडे बघत होती. बाबा सूपकडे बघत होते.

"घ्या ना," ते म्हणाले. "गार होतंय."

"आधी सांगा," थोरली म्हणाली.

"काय सांगू?"

"ज्यासाठी बोलावलंत ते."

"काही नाही गं. सहज. बऱ्याच दिवसांत एकत्र जेवलो नाही, म्हणून."

'सहज' म्हटल्यावर धाकटा खुर्चीत सावरून बसला. या हॉटेलात ते कधी सहज आलेच नव्हते.

चूक बाबांचीच. गावात हॉटेलं काय कमी होती? पण त्यांना हेच आवडायचं. बुटकं छत, पिवळे दिवे, आतून येणारा भाजलेल्या पावाचा वास. आणि नेमकी हीच जागा आईने वाईट बातम्यांसाठी राखून ठेवली होती. घरात रडारड नको, हा तिचा कायदा. चार लोकांत माणूस आवंढा गिळतो आणि पुढचा घास घेतो, असं तिचं म्हणणं. आजी आता अंथरुणातून उठणार नाही, हे मुलांना इथेच कळलं. थोरलीने लग्न मोडल्याचं इथेच सांगितलं. धाकट्याची नोकरी गेली तेव्हा तर त्याने तोंड उघडायच्या आत आईने त्याच्या ताटात बटाटे वाढले होते. हॉटेलच्या मालकीणबाईंनाही आता सवय झाली होती. ही मंडळी दारात दिसली की त्या न मागता कागदी रुमालांची चळत टेबलावर आणून ठेवायच्या. आजही ठेवली होती.

आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, असं डॉक्टरांनी बाबांना कालच सांगितलं होतं. दवाखान्यात ते एकटेच गेले होते, घरी कुणाला पत्ता नव्हता. बाहेर पडल्यावर त्यांना रडू आलं नाही, भूक लागली. सगळ्यांना घेऊन एकदा पोटभर जेवावं, मुलांनी एकमेकांची टिंगल करावी, आपण ऐकत बसावं, एवढंच मनात आलं. सांगायचं ते मग सांगता आलं असतं.

"आई, तुला माहीत आहे का काही?" धाकट्याने विचारलं.

"मला कोण काय सांगतंय," आई म्हणाली.

"बाबा, ताणू नका हो," थोरली म्हणाली. "सांगून टाका एकदाचं."

तिचा चष्मा डावीकडे उतरला होता. बाबांचा उभा जन्म लोकांचे चष्मे करण्यात गेलेला. त्यांनी हात पुढे करून तो अलगद काढून घेतला, काडी जराशी वाकवली, काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या. चष्म्याशिवाय थोरलीचा चेहरा लहानपणीसारखा दिसत होता. ती घाबरली होती. बाबांना ते सोसवेना.

"दुकान बंद करतोय," ते म्हणाले.

धाकट्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"एवढंच? अहो बाबा, मी पार कुठल्या कुठे जाऊन पोचलो होतो."

"कितीदा सांगितलं तुम्हाला, बंद करा म्हणून," थोरली म्हणाली. डोळे पुसत ती हसायला लागली. "आणि चेहरा तरी केवढा गंभीर करायचा."

दोघांचा जीव भांड्यात पडला आणि दोघांना एकदमच भूक लागली. गार सूप त्यांनी तसंच ओरपलं. धाकट्याने पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. मासे आले, बटाटे आले, आणि बेत सुरू झाले.

"आता माझ्याकडे येऊन राहा," धाकटा म्हणाला.

"तुझ्याकडे? तू अंडं उकडायला ठेवलंस तरी करपतं."

"बाबा करतील ना. त्यांना आता कामच काय?"

"उन्हाळ्यात समुद्रावर जाऊ. बाबांना पोहायला शिकवू."

"पोटावर दोरी बांधून."

बाबा हसले. खरंच हसले. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पण उन्हाळ्यानंतर थोरलीने पुढच्या हिवाळ्याचे बेत काढले, आणि त्याच्या पुढच्या वर्षाचे, आणि बाबा प्रत्येक बेताला मान डोलवत घास नुसता तोंडात घोळवत राहिले.

आई हसली नव्हती. ती सगळ्यांना वाढत होती. दुकानाच्या पाटीला नवा रंग द्यायला यांनी परवाच माणूस सांगितला होता, आणि रंग कुठला द्यावा यावरून तिचं डोकं खाल्लं होतं.

जेवण झालं. मुलं कोट घालून, एकमेकांना ढकलत बाहेर गेली. बाबाही उठले.

"चल."

"बसा," आई म्हणाली.

"मुलं थांबलीत."

"थांबू देत."

काचेपलीकडे धाकटा रस्त्यावर उभा राहून हात मारत होता, बाबा पोहताना कसे दिसतील ते दाखवत होता. थोरली पोट धरून हसत होती. बाबा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले, मग हळूच बसले.

आईने चळतीतला एक रुमाल काढून मुठीत धरला.

"इथेच सांगा," ती म्हणाली. "घरी मला आवरणार नाही."