एका टेकपुरतं रक्त

रक्तपिशाच्चाचा सिनेमा, बजेट बेताचं. नकली रक्त एकाच टेकपुरतं उरलेलं. आणि सात वर्षांची नायिका काही केल्या किंचाळेना. उलट पिशाच्च झालेल्या नटालाच म्हणाली, "काका, तुमचा सुळा निसटतोय. थांबा, बसवून देते."

दिग्दर्शक तिच्या कानाशी काहीतरी कुजबुजले. मग ती अशी किंचाळली, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिचा मेकअप उतरवताना मी विचारलं, "काय गं म्हणाले?"

"आई मला टाकून गेली म्हणाले."

आईला त्यांनीच बाहेर बसवलं होतं. जन्मात कुणाला शिवी दिली नाही मी. आज ती ओठांवर आली.

तेवढ्यात दिग्दर्शक चॉकलेट घेऊन आले. "शाब्बास, बेटा."



पोर धावत जाऊन पिशाच्चाच्या झग्यात लपली.